मुठेचं पाणी विमानात चढत नाही

पुण्यात एमएससी मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. जर्मनीतल्या एका विद्यापीठात, पर्यावरणीय सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये तिची तीन महिन्यांसाठी निवड झाली आहे. विषय सांडपाण्यातले, अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू. मुळा-मुठेचे नमुने सोबत नेता येतील का, इथून काय शिकून जावं, तीन महिन्यांत खरंच काही हाती लागतं का, आणि जाता जाता, खायला काय न्यावं, असं तिने विचारलं आहे. घरच्यांचं म्हणणं, "तीन महिने म्हणजे ट्रिपच की."

मी पंचवीसेक वर्षं याच कामात आहे. एकदा स्वतः अशी जाऊन आले, नंतर मुलं पाठवली, आणि तिकडून आलेली मुलं इथे सांभाळली. त्या अनुभवावरून सांगते.

आधी नमुन्यांचं. नाही, नेता येणार नाहीत. बाटलीभर पाणी नाही, चमचाभर गाळ नाही, स्लँटवर, म्हणजे ट्यूबमधल्या तिरक्या जेलीवर, वाढवलेला जिवाणू नाही, आणि "मॅडम, नुसता डीएनए आहे, जिवंत काही नाही" असं म्हणून खिशातली छोटी ट्यूबसुद्धा नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीवही 'जैविक संसाधन' या व्याख्येत येतात. तू भारतीय नागरिक आहेस, पुण्यात राहून मुठेकाठच्या विठ्ठलवाडीचं पाणी इथल्या लॅबमध्ये तपासलंस तर कोणी तुला अडवत नाही. तोच नमुना परदेशी संस्थेच्या हातात गेला की चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा विषय होतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजूर झालेला दोन संस्थांचा संयुक्त प्रकल्प असेल तर कायद्याच्या पाचव्या कलमात सवलत आहे. भारतीय संशोधकाला मूलभूत संशोधनासाठी नमुना बाहेर न्यायचा असेल तर प्राधिकरणाकडे अर्ज करायचीही सोय आहे. पण हे सगळं तिकीट काढल्यावर सुरू करायचं काम नव्हे, आणि एकट्या विद्यार्थ्याने करायचं तर मुळीच नव्हे. तो अर्ज संस्थेमार्फत, गाईडच्या सहीने, कित्येक महिने आधी जातो.

तिकडची बाजूही तेवढीच कडक आहे. २०१४ साली नागोया करार अमलात आला, तेव्हापासून युरोपातल्या लॅबवर नमुना कुठून आणि कोणत्या परवानगीने आला हे दाखवायची जबाबदारी आहे. तुझे यजमान प्राध्यापक कागद मागतील. नाही मागितले तर मला त्यांचीच काळजी वाटेल. आणि विमान कंपनीचं तर विचारूच नकोस. सांडपाण्यातले रोगकारक जिवाणू प्रवासी सामानात चालत नाहीत. त्यांचं पॅकिंग वेगळं, कागद वेगळे, कुरिअर वेगळं.

हे नुसतं लाल फितीचं प्रकरण आहे असं समजू नकोस. तुझ्याच विषयातलं उदाहरण घे. २०१० साली दिल्लीत गोळा केलेले पाण्याचे नमुने ब्रिटनमध्ये कार्डिफला तपासले गेले. एनडीएम-१ हा जनुक, म्हणजे आपल्या राजधानीचं नाव लागलेलं, बरीच अँटिबायोटिक निकामी करणारं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम बनवणारा, रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये सापडला. २०११ साली निबंध छापून आला आणि इथे जो वाद पेटला त्यात नमुने देशाबाहेर गेलेच कसे हाही मुद्दा होता. निष्कर्ष गंभीर होते, पण चर्चेचा बराच वेळ त्या बाटल्यांच्या प्रवासात गेला. तुझ्या कामाचं तसं व्हायला नको.

मग तिकडे जाऊन करायचं काय? माझं मत असं की नमुना न नेणंच तुझ्या फायद्याचं आहे. प्रश्न आणि पद्धत घेऊन जा. मुठेवर इथे एक पद्धत पक्की कर, तीच पद्धत तिथल्या नदीवर किंवा तिथल्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या पाण्यावर वापर, आणि परत आल्यावर पुन्हा मुठेवर लाव. नमुने जागच्या जागी राहतात, तुलना मात्र होते. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली 'ट्रायसायकल' नावाची साधी पद्धत प्रसिद्ध केली आहे. टीबीएक्स नावाच्या, जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या दोन प्रकारच्या प्लेटा ओतायच्या, एक साधी आणि एक मिलिलिटरला ४ मायक्रोग्रॅम सेफोटॅक्झिम हे अँटिबायोटिक घातलेली. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या कॉलन्या, म्हणजे प्लेटवर वाढलेले ठिपके, निळसर हिरव्या दिसतात. साध्या प्लेटवर किती, औषधाच्या प्लेटवर किती, त्यातून रोधक, म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या, ई. कोलायची टक्केवारी काढायची. महागडं यंत्र लागत नाही. इन्क्युबेटर, पिपेट, फिल्टर आणि डोळे पुरतात. जर्मनीत याच कॉलन्यांवर पुढे पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून तो आहे का ते बघणं) किंवा जीनोमचं काम करायला मिळालं तर उत्तमच, पण पाया हा.

आता इथली तयारी. जायला दोन महिने आहेत असं धरते. त्यातले निदान सहा रविवार नदीवर घालव. तीन जागा पुरेत: खडकवासला धरणाच्या खाली (शहर लागायच्या आधी), मग विठ्ठलवाडी, आणि शहर संपताना मुंढव्याच्या बाजूला. पहाटे जा, जलपर्णी पसरलेल्या जागा टाळ, हातमोजे घाल. निर्जंतुक बाटलीचं झाकण आतून बोट न लावता उघडायचं, बाटली उपडी धरून पाण्यात हातभर खाली न्यायची आणि मग येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड वळवून भरायची. वरचा तवंग आत येता कामा नये. बाटली काठोकाठ भरू नकोस, हलवून मिसळायला वर जागा लागते. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ, आणि सहा तासांच्या आत लॅब. क्लोरीन घातलेलं प्रक्रियेनंतरचं पाणी असेल तर बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट टाकून ठेवायचं, नाहीतर क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतो आणि शुद्धीकरण केंद्र आहे त्याहून चांगलं दिसतं. विरघळलेला ऑक्सिजन मोजणार असशील तर ऑक्सिजन बांधून ठेवणारी विंकलर पद्धतीची दोन्ही रसायनं काठावरच घाल. लॅबमध्ये आणून मोजलेला ऑक्सिजन हा रिक्षाच्या प्रवासाचा ऑक्सिजन असतो.

आणि वहीत प्रत्येक वेळी एक ओळ लिही: आज खडकवासल्यातून विसर्ग किती क्युसेक. पावसाळ्यात ही बातमी पेपरात रोज असते, ती आपण भिडे पूल पाण्याखाली गेला का हे बघायला वाचतो. तुझ्यासाठी तो आकडा प्लेटवरच्या कॉलन्यांइतकाच महत्त्वाचा. विसर्ग वाढला की पाणी पातळ होतं आणि मोजणी घसरते, पण त्याच पाण्याने तळाचा गाळ ढवळला की चढतेही. विसर्गाचा आकडा नसेल तर सहा रविवारचे सहा आकडे म्हणजे नुसता चढउतार, आणि जर्मनीतला पहिला माणूस हेच विचारणार: "त्या दिवशी नदीत पाणी किती होतं?"

मोजमापांच्या बाबतीत आणखी दोन खड्डे आहेत. आपल्याकडे बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, मानकानुसार २७ अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात, तिकडे २० अंशांवर पाच दिवस. आपल्या हवामानाला सोयीचं म्हणून हे ठरलं आणि आकडे साधारण जुळतातही, पण तक्त्यात दोन्ही शेजारी मांडायचे तर तळाशी तसं लिहावं लागतं. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. अँटिबायोटिकच्या चकत्या लावून झोन, म्हणजे चकतीभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, मोजायची आपली सवय बहुतेक अमेरिकी सीएलएसआय पद्धतीची, युरोपात ईयूकास्ट नावाची पद्धत चालते. सीएलएसआयमध्ये सेफोटॅक्झिमची चकती ३० मायक्रोग्रॅमची, ईयूकास्टमध्ये ५ मायक्रोग्रॅमची, म्हणून तिथले झोन मुळातच लहान. इथले झोन आणि तिथले झोन एका आलेखात टाकलेस तर युरोपचे जिवाणू जास्त रोधक आहेत असा शोध लागेल, आणि तो चकतीचा असेल. जायच्या आधी त्यांना विचार की तुम्ही कोणत्या चकत्या वापरता, आणि इथल्या शेवटच्या दोन फेऱ्या त्याच चकत्यांनी कर.

हाताच्या सवयींबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मुलं तिथे ज्ञानात कमी पडत नाहीत, सवयीत अडखळतात.

आपल्या कॉलेजात बहुतेक ठिकाणी आडवा लॅमिनार, म्हणजे गाळलेली हवा सोडणारं कामाचं कपाट, असतो. स्वच्छ हवा फिल्टरमधून तुझ्या तोंडावर येते. ती प्लेट वाचवते, तुला नाही. प्लेटमधलं जे उडेल ते थेट तुझ्याकडे. सांडपाण्याचं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये करायचं असतं. तिथे हवेची वाट अशी असते की नमुनाही राखला जातो आणि माणूसही. त्यात स्पिरिट लॅम्प किंवा बर्नर पेटवला की हवेचा तो पडदाच फाटतो. माझ्या एका विद्यार्थ्याने तिकडे पहिल्याच दिवशी सवयीने लायटर मागितला. सगळे गप्प. मग तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या डिस्पोजेबल लूपचं पाकीट ठेवलं आणि काही न बोलता निघून गेल्या. ज्योतीशिवाय काम करायची सवय इथेच लाव. आठवडाभर हात थरथरतो, मग जमतं.

वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचंही तसंच. आपला उभा, कुकरचा थोरला भाऊ. काट्यावर १५ पौंड आले की १२१ अंश झाले असं पाठ केलेलं असतं. पण पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो आणि इथे बाहेरचा दाबच कमी, त्यामुळे त्याच काट्यावर आत जवळजवळ एक अंश कमी असतो. साध्या माध्यमाला याने काही बिघडत नाही. पण आतली हवा पूर्ण निघायच्या आधी शिटी बसवली तर मात्र तोच काटा कितीतरी जास्त खोटं बोलतो, आणि ते बिघडवतं. तिकडचं यंत्र तापमान मोजून स्वतःच चालतं आणि कागद छापून देतं. प्रशिक्षण घेऊन सही केल्याशिवाय तुला हातही लावू देणार नाहीत. यात अपमान वाटून घेऊ नकोस. पहिल्या दिवशीची सुरक्षेची सूचना आणि खालची सही हा तिथे कायदा आहे, प्राध्यापकालाही चुकत नाही.

'रूम टेंपरेचर' हा शब्द तर मी माझ्या लॅबमध्ये बंदच केला आहे. तिकडच्या प्रोटोकॉलमध्ये तो शब्द आला की अर्थ वीस-बावीस अंश. पुण्यात एप्रिलच्या दुपारी तीच खोली पस्तिशीला टेकते. एकदा तिकडून आलेल्या मुलीने रात्रभर 'रूम टेंपरेचरला' ठेवलेला बफर आणि प्लेटा सकाळी पाहिल्या तर पाण्यातले सावकाश वाढणारे जिवाणू दिसायच्या आधीच दांडग्यांनी प्लेट व्यापलेली. तिचं काही चुकलं नव्हतं, शब्दच चुकीचा होता. उकाड्याने सूक्ष्मजीवशास्त्राला आधीही शहाणपण शिकवलं आहे. रॉबर्ट कोखच्या लॅबमध्ये सुरुवातीला जिलेटिनवर जिवाणू वाढवायचे. उन्हाळ्यात ते वितळायचं आणि काही जिवाणू ते खाऊनच टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसेच्या बायकोने, फॅनी हेसेने, जेली घट्ट करायला आपण जे वापरतो ते आगर वापरून बघा असं सुचवलं. १८८१-८२ सालची गोष्ट. तिला ते जाव्हात राहून आलेल्या ओळखीच्यांकडून कळलं होतं. आपल्याकडे वाण्याकडे मिळणारं चायना ग्रास ते हेच. प्रत्येक प्लेट ओतताना मला ही बाई आठवते, आणि शोधनिबंधावर तिचं नाव नव्हतं हेही आठवतं.

वहीबद्दल. आपल्याकडे 'जर्नल' म्हणजे परीक्षेआधी सर्टिफाय करून घ्यायची वस्तू. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निष्कर्ष. डावीकडे पेन्सिलने आकृती. आणि प्रयोग फसला असेल तर शेजारणीचं रीडिंग. ही सवय विमानतळावरच सोड. तिकडची लॅबची वही तू गेल्यावर तिथेच राहते आणि तुझ्यानंतर येणारा ती वाचून पुढे काम करतो. फसलेला दिवस पूर्ण लिहायचा. माध्यमाचा लॉट नंबर, इन्क्युबेटरमध्ये प्लेट किती वाजता गेली, किती वाजता बाहेर आली, सगळं. खाडाखोड नाही, एक रेघ आणि शेजारी तारीख.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पोळून सांगते. मी गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकातून घेतलेला मार्कर सोबत होता, 'परमनंट' असं त्यावर छापलेलं. अट्ठेचाळीस ट्यूबांवर सुंदर अक्षरात नावं घातली, जिवाणूंचे ग्लिसरॉल स्टॉक केले, उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवले. दोन आठवड्यांनी काढले तेव्हा वर हिम जमलेलं. नीट वाचता यावं म्हणून सत्तर टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसलं. हिमाबरोबर अक्षरंही गेली. निळसर बोळा हातात आणि समोर अट्ठेचाळीस पांढऱ्या ट्यूबा. वहीत डब्याचा नकाशा काढला असता, कोणत्या घरात कोणती ट्यूब एवढा साधा चौकोन, तर पाच मिनिटांत सुटलं असतं. मी काढला नव्हता, कारण लेबलं होती ना! सतरा दिवस पुन्हा काम करावं लागलं. तेव्हापासून माझ्या मुलांना एकच नियम: झाकणावर नंबर, अंगावर अल्कोहोलला टिकणारा स्टिकर, वहीत नकाशा. तीनपैकी दोन हरवले तरी तिसरा सांगतो.

पीसीआर शिकायला मिळेल तर एका गोष्टीकडे लक्ष दे: ते लोक कंट्रोल किती लावतात. आपल्याकडे एन्झाइम महाग, म्हणून 'निगेटिव्ह कंट्रोल मागच्या वेळी लावला होता' असं ऐकू येतं. तिथे नमुन्याशिवायची ट्यूब असतेच, शिवाय डीएनए काढायची सगळी प्रक्रिया नुसत्या निर्जंतुक पाण्यावर केलेली एक कोरी ट्यूबही असते, कारण किटमध्येही जिवाणूंचा डीएनए सापडतो. आणि नदीच्या गाळातून काढलेला डीएनए भरपूर असूनही पीसीआरचा बँड, म्हणजे जेलवरची पट्टी, येत नसेल तर लगेच प्रायमरला (हवा तो जनुक हेरणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला) दोष देऊ नकोस. गाळातली ह्युमिक आम्लं एन्झाइमला दाबून टाकतात. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लाव, बहुतेक वेळा येतो. विरोधाभास वाटतो, पण मुठेच्या गाळावर हे मी डोळ्यांनी कितीदा तरी पाहिलं आहे.

जायच्या आधी यजमानांना एक पान पाठव. त्यात मार्क लिहू नकोस, काय काय स्वतःच्या हाताने किती वेळा केलं आहे ते लिही. 'पीसीआर: प्रॅक्टिकलला चौघींनी मिळून एकदा. मेंब्रेन फिल्टर: स्वतः तीस वेळा.' चौघींच्या बॅचमध्ये एकजण स्ट्रीक करते आणि तिघी लिहून घेतात हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नाही. खरं लिहिलंस तर ते शिकवतील. 'केलं आहे' एवढंच लिहिलंस तर तिसऱ्या दिवशी एकटीला यंत्रापुढे बसवतील.

माणसांचं म्हणशील तर दोनच गोष्टी. कळलं नसताना मान हलवून "येस, येस" म्हणणं ही आपली सभ्यता, तिकडे त्याचा अर्थ कळलं असाच होतो. पुन्हा विचारलेलं चालतं, चुकीचं केलेलं चालत नाही. आणि आपल्या लॅबमध्ये माध्यमं तयार करून ठेवणारे, काचसामान धुणारे मामा असतात. तिथे मामा तूच. पाचनंतर लॅब ओस पडते, रविवारी तर कोणी फिरकत नाही, आणि म्हणून अठरा तासांनी मोजायच्या प्लेटा शनिवारी दुपारी लावायच्या नाहीत. व्हिसाचं थोडक्यात: नव्वद दिवसांपर्यंत युरोपातला शेंगेन व्हिसा, एक दिवस जास्त झाला तर प्रकार वेगळा. परतीची तारीख मोजून ठरव, आणि तू करणार असलेल्या कामाला कोणता व्हिसा लागतो ते विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून लेखी घे.

आता तीन महिन्यांचा हिशेब. पहिला आठवडा चाव्या, सह्या, ओळखी. दुसरा-तिसरा त्यांच्या प्लेटांवर आपला हात बसवण्यात. शेवटचा आवराआवर, वही, सादरीकरण. मध्ये सुट्ट्या येतात, मे महिन्यात तर ओळीने. उरतात सात-आठ आठवडे. एवढ्यात एका छोट्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, म्हणजे "शुद्धीकरण केंद्रात शिरताना आणि बाहेर पडताना रोधक ई. कोलायची टक्केवारी बदलते का?" एवढ्याचं. एकूण संख्या शेकडो पटींनी उतरते हे माहीत असतंच, टक्केवारी उतरते की चढते हा खरा प्रश्न. त्यात 'काही फरक नाही' असं आलं तरी ते उत्तरच आहे. शोधनिबंध लगेच छापून येईल या आशेवर जाऊ नकोस. तुझं नाव कुठे, कोणत्या क्रमाने येणार हे मात्र निघायच्या आधी विचारून घे. संकोच वाटेल, तरी विचार.

घरच्यांना सांग की ट्रिपला जाऊन आलेल्या माणसाला परत आल्यावर मुठेकाठी उभं राहून बाटली भरायची नसते, तुला भरायची आहे. परतीनंतर तीच पद्धत, त्याच तीन जागा. परदेशी लोक आपल्याकडच्या पाण्यावर का येतात याचाही तेव्हा अंदाज येईल. २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी हैदराबादजवळ पाटणचेरूच्या औषधकारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी तपासलं तर त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तात असतं त्याहून जास्त. आणि इथे शोधण्यासारखं फक्त घाणच आहे असंही नाही. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या गटाने पश्चिम भारतातल्या भातखाचरांतून मिथेन खाणारा, काकडीच्या आकाराचा जिवाणू वेगळा केला आणि त्याचं नावच मेथिलोक्युक्युमिस ओरायझी पडलं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा त्यामागे मीठप्रिय आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव, आहेत हेही त्याच संस्थेने सांगितलं.

परत आल्यावर मुठेतून काही वेगळं सापडलं तर ते ठेवायला लांब जायची गरज नाही. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं (एनसीसीएस) राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र पुण्यात आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह पाषाण रस्त्यावर. नवी प्रजाती म्हणून नाव द्यायचं असेल तर ती दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावी लागते, आणि दुसऱ्या देशात पाठवताना पुन्हा चेन्नईची आठवण येते. तेव्हा तिकडची तीन महिन्यांची ओळख उपयोगी पडते. कोणत्या कागदावर कोणाची सही लागते ते तोवर तुला ठाऊक झालेलं असेल.

राहता राहिलं खाणं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चटण्या खुशाल ने. साजूक तूप मात्र नेऊ नकोस, पेढेही नकोत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत, आणि आईने कितीही घट्ट झाकण लावलं तरी कस्टम्सवाल्याला ते दूधच. भाजणीच्या पिशवीवर इंग्रजीत काय आहे ते लिहून चिकटव, कारण लेबल नसलेल्या भुरकट पिठाची पिशवी तू स्वतः दुसऱ्याच्या बॅगेत पाहिलीस तर तुलाही प्रश्न पडेल. आणि ती लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवू नकोस. तिथे दही लावायचा मोह एकाला झाला होता, त्याची गोष्ट मी इथे सांगत नाही.